डोळे झाकून 'अलाऊ' दाबायला कोण लावतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला मोबाइलमधल्या कॅमेऱ्याच्या परवानग्यांवरचा लेख वाचला. मांडणी सुबक, चौकटी रंगीत आणि निष्कर्ष नेहमीचाच: नागरिक बेफिकीर आहेत, न वाचता 'अलाऊ' दाबून मोकळे होतात. तज्ज्ञांचे उपायही वाचले. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावा, हा त्यातला सर्वांत थोर. पुढच्या लेखात बहुधा फोन तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगतील.

तज्ज्ञ सांगतात ते सगळं मी आधीपासूनच करतो. फोनवर परवानगीची चौकट आली की चष्मा लावून वाचतो आणि गरज दिसली नाही तर 'डोन्ट अलाऊ' दाबतो. तसं दाबल्यावर पुढे काय होतं, याबद्दल मात्र अख्ख्या लेखात चकार शब्द नाही. ते मी सांगतो.

गेल्या आठवड्यात सौ.ची तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी केली. घराजवळच्याच लॅबमध्ये, नाव लिहीत नाही. पूर्वी या लॅबच्या खिडकीत पावती सरकवली की पांढऱ्या पाकिटातून रिपोर्ट हातात यायचा, वर बॉलपेनने लिहिलेलं आडनाव, तेही बहुतेक वेळा चुकीचं. आता 'रिपोर्ट ॲपवर येईल' एवढंच सांगतात. ठीक आहे, कागद वाचतो. मेसेज वेळेवर आला, तक्रार नाही. आम्ही डॉक्टरांकडे बाकावर बसलो होतो, पुढे दोनच नंबर. ॲप उघडलं, तर रिपोर्ट राहिला बाजूला, पहिल्याच पडद्यावर विचारणा: या ॲपला फोटो काढू द्यायचे का, व्हिडिओ घेऊ द्यायचा का? अहो, मला बायकोच्या रक्तातली साखर बघायची होती, तिचा व्हिडिओ कशाला? 'डोन्ट अलाऊ' दाबलं. लगेच तीच चौकट पुन्हा हजर. पुन्हा 'डोन्ट अलाऊ'. त्यानंतर फोनची ती चौकट यायची थांबली आणि ॲपने स्वतःची लाल पाटी लावली, इंग्रजीत, की कॅमेऱ्याची परवानगी आवश्यक आहे. खाली 'ओके'. ओके दाबलं की ॲप बंद. पुन्हा उघडलं की पाटी. पुन्हा ओके, पुन्हा बंद.

लॅबला फोन लावला. पलीकडची मुलगी बोलायला गोड होती.

"काका, एकदा अलाऊ करून टाका ना. सगळेच करतात."

म्हटलं, कॅमेरा लागतो कशाला?

"डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो अपलोड करायला."

मला काही अपलोड करायचं नाहीये, तयार झालेला रिपोर्ट बघायचाय.

"हो काका, पण आपलं ॲप तसंच आहे."

मग छापील प्रत द्या. "त्यासाठी संध्याकाळी सातनंतर यावं लागेल."

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. कंपाउंडरने "रिपोर्ट आणलाय ना?" विचारल्यावर मी लाल पाटी त्याच्यासमोर धरली. त्याला त्यातलं काही कळलं नाही, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. शेवटी शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलाने फोन घेतला, सेटिंग्ज, त्यात ॲप्स, त्यात परमिशन्स, त्यात कॅमेरा, असा आत शिरत गेला आणि परवानगी देऊन टाकली. रिपोर्ट उघडला. सौ.ची साखर आटोक्यात निघाली. माझं बीपी तेव्हा कोणी मोजलं नाही हे बरं झालं.

आता सांगा, संपादक महाशय, यात बेफिकीर कोण? आपल्या लेखाच्या हिशेबाने मीही आता 'परवानगी देणाऱ्या' अडाण्यांत जमा झालो.

माझी भाची ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये अशीच ॲपं बनवते. रविवारी आली तेव्हा तिला ही हकीकत ऐकवली. ती म्हणाली, "मामा, फोन बरोबर वागला. ॲप चुकलं." मग तिने जे सांगितलं ते आपल्या तज्ज्ञांनी सांगायला हवं होतं. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ येईपर्यंत ॲप उतरवतानाच परवानग्यांची सगळी यादी समोर यायची, हवं तर घ्या नाहीतर सोडा. तेव्हापासून नियम बदलला आणि कॅमेरा खरोखर लागेल त्या वेळी विचारण्याची सोय झाली. २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये फक्त त्या वेळेपुरती परवानगी देता येऊ लागली. शिवाय एखाद्याने दोनदा नाही म्हटलं की फोन ती चौकट पुन्हा येऊच देत नाही, म्हणजे ॲपने सारखी भुणभुण लावू नये. आयफोन तर एकदाच विचारतो, आणि कॅमेरा कशाला हवा याचं कारण ॲप बनवणाऱ्याला त्या चौकटीत लिहावंच लागतं. थोडक्यात, फोन बनवणाऱ्यांनी आम्हाला 'नाही' म्हणायची सोय करून दिली. त्यावर ॲपवाल्यांनी तोड काढली: नाही म्हणालात? बरं, मग दार बंद.

खरं तर चिठ्ठीचा फोटो काढायचं बटण दाबलं की तेव्हा विचारायचं, आधी एका ओळीत कारण सांगायचं. नकार आला तर तेवढं एक बटण बंद ठेवून बाकीचं ॲप चालू द्यायचं. दोनदा नकार आला असेल तर पाटीखाली थेट सेटिंग्जमध्ये नेणारं बटण ठेवायचं, म्हणजे माणूस ओके-ओके करत बसत नाही. आणि एखादाच फोटो हवा असेल तर परवानगी मागायचीही गरज नसते म्हणे. ॲपने फोनचाच कॅमेरा उघडून द्यायचा, माणूस फोटो काढतो, आणि ॲपच्या हाती तो एकच फोटो पडतो.

मग हे सगळे असं का करत नाहीत, असं विचारल्यावर भाची हसली. "सुरुवातीलाच सगळं मागून घेतलं की काम सोपं होतं, मामा. प्रत्येक ठिकाणी नकार आला तर काय करायचं, ते लिहीत बसावं लागत नाही. आणि टेस्टिंग करणारेही अलाऊच दाबतात." हे शेवटचं वाक्य चिकटपट्टीच्या जागी चौकटीत छापा.

चिकटपट्टीचं निघालंच आहे तर सांगतो, कॅमेरा चालू झाला की फोनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, आणि अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, सगळ्या ॲप्ससाठी कॅमेरा एकदम बंद करायचं बटणही फोनमध्येच असतं. आपल्या लेखकाला हे ठाऊक नसावं, किंवा चिकटपट्टीचा फोटो अधिक चांगला आला असावा.

माझं कॅमेऱ्याशी वैर नाही. जांभळी नाक्यावर भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन करताना मी मुकाट्याने परवानगी देतो. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला घरबसल्या चेहरा दाखवून देता येतो, तिथेही देतो. कॅमेरा कशाला लागतो ते तिथे शाळकरी पोरालाही कळतं. रक्ताचा रिपोर्ट बघायला तो कशाला, हे लॅबवाल्यांनाही सांगता आलं नाही.

कायद्याचं आपण ओझरतं लिहिलंत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याच्या कलम ६ मध्ये म्हटलंय की संमती मोकळेपणाने, विनाअट दिलेली हवी आणि ती कामापुरत्या माहितीपुरतीच धरायची. खाली उदाहरणही दिलंय, आणि तेही दवाखान्याचंच: टेलिमेडिसिनच्या ॲपने उपचारासाठी माहिती मागितली आणि सोबत फोनमधली संपर्कयादीही मागितली, तर लोकांनी दोन्हीला हो म्हटलं तरी संमती उपचारापुरतीच धरली जाईल. संपर्कयादीच्या जागी कॅमेरा घाला, की आमची लॅब झाली. संमतीची विचारणा इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत बघण्याचा पर्याय द्यायचा, असंही तिथेच आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे, लॅबच्या लाल पाटीवर नाही. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत. अठरा महिन्यांत सौ.च्या सहा तपासण्या होतात.

तेव्हा पुढचा लेख लिहिताना नागरिकांना शहाणपण शिकवण्याआधी चार ॲपं उतरवून बघा. सगळीकडे 'डोन्ट अलाऊ' दाबा आणि किती ॲपं तुम्हाला आत घेतात ते छापा. नावांसकट. जाहिराती गेल्या तर गेल्या.

आणि एक राहिलंच. रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर आपण छापायचं बंद केलंय आणि तिथे क्यूआर कोड टाकलाय. म्हणजे पुन्हा कॅमेराच! तो स्कॅन केला की आपलं ॲप उतरवायला सांगतात, आणि ते उतरवलं की लोकेशन मागतात. आडव्या सातचं उत्तर द्यायला मी ठाण्यात कुठे बसलोय हे आपल्याला कशाला हवं? पूर्वी उत्तर आतल्या पानाच्या तळाला उलटं छापायचात, पेपर फिरवला की झालं. जागा नाही म्हणावं, तर कालच्या लेखातला चिकटपट्टीचा फोटो चांगला तीन कॉलमी होता.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार,
पाचपाखाडी, ठाणे (प.)

ता. क. : नाव छापू नये. लॅब घराजवळच आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तिथेच जायचंय.