पाखऱ्या कामानं गेला नाही, बाबा

गिट्टीखदान, नागपूर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल इथे मारबत निघाली. "रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडणाऱ्या गर्दीत उभी होते आणि डोळ्यांसमोर पाखऱ्या होता. पोळ्याच्या दिवशी बाबा फोनवर म्हणाले, "एका बैलाचा कसला पोळा?" तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

बाबा, दुबार पेरणीत वखराला जास्त जुंपला म्हणून पाखऱ्या गेला, असं तुम्ही दोन वर्षं म्हणताय. तसं नाही हो.

गेल्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये एका बैलाचं रक्त आलं. थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला, तर तांबड्या पेशींना ढकलत काहीतरी बारीक, वामीसारखं वळवळत होतं. सर म्हणाले, सर्रा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: ताप येतो-जातो, खाऊनही वाळतो, डोळे पांढुरके झाले, गोल फिरतो, खांबाला डोकं लावून उभा राहतो. मला हातातली काच खाली ठेवावी लागली. शेवटच्या रात्री पाखऱ्या कोठ्याच्या खांबाला असाच डोकं रेटून उभा होता ना?

पाखऱ्याचं रक्त तेव्हा कुणी तपासलं नाही, त्यामुळे शपथेवर सांगू शकत नाही. पण माझं मन सांगतं की तो सर्राच होता.

हा रोग जुना आहे. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या डॉक्टरांनी तेव्हाच्या पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात याचा जंतू शोधला. तो नेते ती मोठ्या डोळ्यांची घोडमाशी. तिच्यात मादीच चावते. डासासारखी सुई नसते तिला, पातीच असतात. कातडं कापते आणि आलेलं रक्त चाटते. दुखतं म्हणून जनावर शेपटी मारतं, माशी अर्ध्या पोटी उठते आणि तोंडाला ओलं रक्त घेऊन शेजारच्या बैलावर बसते. त्या साली पेरणीला भाड्याची जोडी आणून आपल्याच कोठ्यात बांधली होती. ती धडधाकट दिसायची, पण गाई-बैलांत सर्रा दिसून न येता दडून राहतो. तो तुम्हाला कसा दिसणार होता? वेळेत कळला तर औषध आहे, म्हणून तर मी एवढं लिहितेय.

आई, घाबरू नकोस, माणसाला हा सहसा होत नाही. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला झाला होता, पण त्याच्या रक्तात इतरांना असतं ते संरक्षण नव्हतं. तोही औषधानं बरा झाला.

आता लाल्याचं. दिवसभर पाय आपटतो म्हणालीस, ते चिडून नाही. त्याच्या पायावर बसलेली माशी जवळून बघ. घरच्या माशीसारखीच दिसेल, पण तोंडातून काळी ताठ सुई पुढे आलेली असेल. ही नर-मादी दोन्ही रक्त पिते आणि अंडी घालते ओल्या, कुजक्या कुटारात. गव्हाणीखाली शेणा-मुतात भिजलेला थर आहे ना, तोच तिचं घर. तो काढून उन्हात पातळ पसरायला सांगा, वाळला की अळ्या मरतात. बाबा, तुमच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. गडी लावा, पैसे मी पाठवते.

आणि आई, तुझी कडुनिंबाची धुरी अगदी बरोबर वेळेला असते. तिळाहून बारीक चिलटं दिवस मावळताना आणि पहाटे उठतात, मच्छरदाणीच्या भोकातूनही आत येतात. कपिलीला मागच्या वर्षी तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप झाला, तोही चिलटं आणि डासच आणतात. फक्त धुरी कोठ्याबाहेर, वाऱ्याच्या बाजूला कर. तुला खोकला आहे.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येते, काचा घेऊन. लाल्याच्या कानाच्या टोकातून एक थेंब घ्यायचा आहे. आई, तू वेसण धर. बाबा, तुम्ही त्याच्याशी बोलत राहा, तुमच्याशिवाय तो कुणाला कानाला हात लावू देत नाही.

तुमची,
बेबी