बोटीच्या इंजिनाचं टोपण कापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंहस्थाची मुख्य स्नानं 2027 च्या पावसाळ्यात आहेत. म्हणजे गोदेला पाणी असतानाच घाटांवर गर्दी असणार आणि पात्रात बचावाच्या बोटी फिरणार. रस्ते, पूल, तंबू यांवर रोज रकाने भरून येतात, पण या बोटींच्या पाठीला लटकणाऱ्या मशीनबद्दल कोणी लिहीत नाही. माझा हात टू-स्ट्रोकवर बसलेला. आधी मोटारसायकली केल्या, पुढे गंगापूर धरणाच्या फुगवट्यातल्या बोटींची मशीनं. म्हणून हे पत्र.

हल्ली एक खूळ निघालंय. बोट पळत नाही म्हणून मशीन उतरवून आणतात आणि मालकच उपचार सांगतो, "काका, हवेचा डबा काढून टाका, टोपणाला दोन मोठी भोकं पाडा, मग बघा कशी उडते." आरएक्स हंड्रेडच्या जमान्यात कॉलेज रोडची पोरं एअर फिल्टर काढून गाडी फिरवायची, त्याच शाळेतलं हे शहाणपण.

मालकाला फरक जाणवतो, हे मात्र खोटं नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी, आणि मे महिन्याच्या चाळीस अंशांत हवा आणखी विरळ. 40 हॉर्सपॉवरच्या इंजिनातले अडीच-तीन हॉर्सपॉवर इथे आल्याआल्याच गेलेले असतात. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक, मात्र किनाऱ्याच्याच मापाचं. मग हवेच्या मानाने पेट्रोल थोडं जास्त पडतं, स्पार्क प्लग काळा येतो, मशीन जड बोलतं. डबा काढला की कार्ब्युरेटरमधली ओढ कमी होते, पेट्रोल कमी येतं, आवाज मोकळा होतो. धक्क्याजवळ दोन चकरा मारून मालक खूश!

पण पेट्रोल किती कमी झालं, हे कोणी मोजलेलं नसतं. चार-पाच माणसं बसवून, प्रवाहाविरुद्ध, पूर्ण थ्रॉटलवर दहा मिनिटं चालवा म्हणजे कळेल. मिश्रण गरजेपेक्षा पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की पिस्टनचा माथा तापतो. या टू-स्ट्रोक मशीनांत ऑइल बहुधा पेट्रोलातूनच जातं, 50 ला 1 या प्रमाणात. पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी गेलं. उष्णता वाढली, वंगण घटलं, पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकला. गंगापूरच्या शांत पाण्यात असं झालं तर वल्ही मारत काठाला येता येतं. रामकुंडाच्या खाली, ज्याच्यावरून पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं असताना बंद पडलेली बोट कुठे जाईल, हे 2019 च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको.

त्या डब्याला आणि टोपणाला कामं आहेत. टोपणातली हवेची वाट उंचावर आणि वळणाची ठेवलेली असते ती उडणारं पाणी आत जाऊ नये म्हणून. भोक पाडलं की श्रावणातली पहिली जोराची सर थेट कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आवाजही असा वाढतो की काठावरून मारलेली हाक बोटीतल्या माणसाला ऐकू येत नाही.

हवेच्या वाटेवरच काम करायचं असेल तर जागा वेगळ्या आहेत. वर्षभर पडून राहिलेल्या मशीनच्या टोपणात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं मी काढलेलं आहे, आधी ते बघा. थ्रॉटलची केबल पूर्ण ओढल्यावर कार्ब्युरेटरची झडप खरोखर आडवी होते का, तेही बघा. कितीतरी मशीनं तीन-चतुर्थांश उघडीपवरच आयुष्य काढतात आणि मालक जेटला दोष देतो. मग रीड व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण एकाच दिशेने आत सोडणारी पात्यांची झडप, काढून उजेडासमोर धरा. पात्याचा कोपरा तुटला असेल किंवा पातं जागेवर नीट बसत नसेल तर आत घेतलेलं मिश्रण उलटं थुंकलं जातं आणि हवेचा डबा आतून पेट्रोलने ओला सापडतो. नवी पाती आणि गॅस्केट बसवली की बरेचदा काम तिथेच संपतं. जेट बदलायचंच तर कंपनीच्या तक्त्यातून एक नंबर खाली जावं आणि भाराखाली पळवून प्लगचा रंग बघावा. विटकरी-तपकिरी आला की थांबावं, पांढरट आला तर मागे फिरावं.

खरा फरक बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याने पडतो, आणि तिथे पैसे घालायला कोणी तयार नसतं. माणसं आणि दोरखंड भरल्यावर मशीन पुस्तकात दिलेल्या आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांपर्यंत, चढत नसेल, तर पंख्याची पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकण्याचं माप, एक-दोन इंच कमी करावी. एका इंचाला साधारण दोनशे आरपीएम मिळतात. सपाट धाव थोडी कमी होते, पण भरलेली बोट उचलून धरते. बचावाच्या बोटीला दुसरं काय हवं?

थंडाव्याच्या पाण्याच्या जाळीत पाणवेलींची मुळं अडकतात, पुराच्या गाळाने पंपातलं रबरी इम्पेलर झिजतं. मागून पाण्याची धार बारीक झाली की मशीन लगेच बंद करायचं, हे बोटीवरच्या प्रत्येकाला माहीत हवं.

माझं मागणं एवढंच की बचावाच्या बोटींची मशीनं पाण्याच्या पिंपात सुरू करून "चालू स्थितीत" असा शेरा मारू नये. पिंपात पंख्यावर खरा भार येतच नाही. गंगापूरच्या फुगवट्यात पूर्ण माणसं बसवून प्रत्येक बोट पळवावी, आरपीएम वहीत लिहावा, आणि टोपणाला कोणी भोकं पाडली असतील तर ते टोपण आत्ताच बदलून घ्यावं. प्लगच्या वायरला गुंडाळून आरपीएम मोजायचा टॅकोमीटर माझ्याकडे आहे. ज्यांना हवा त्यांनी न्यावा, फक्त परत आणून द्यावा; मागचा असाच गेला आहे.

आपला,
एक जुना टू-स्ट्रोक मेकॅनिक,
पंचवटी, नाशिक