रविवारच्या बैठकीबद्दल सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

आपल्या चर्चा गटाची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता, नेहमीप्रमाणे वाचनालयाच्या मागच्या खोलीत आहे. विषय: गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभाच देऊ लागली.

मला त्यातही त्यांचे अभ्यास गट फार मोलाचे वाटतात. तिथे एखाद्या विषयाचा फक्त अभ्यास होतो. बाहेरचा जाणकारही येऊन बोलतो, प्रश्न विचारले जातात. निर्णय मात्र ग्रामसभेतच आणि तोही सर्वसहमतीने, बहुमताने नाही. मागच्या बैठकीत आपण चर्चा अर्धवट सोडून हात वर करून मतं मोजली आणि दोन जण दुखावून घरी गेले. बैठक मी चालवत होतो, म्हणून ती चूक माझी आहे.

म्हणून या वेळी मतमोजणी नाही. प्रत्येकाला सलग तीन मिनिटं, मध्ये कुणी तोडायचं नाही. जे सहसा गप्प बसतात त्यांच्यापासून सुरुवात करू. बैठकीला फक्त पुरुषच येतात, हेही मनाला लागतं. घरच्या बायकांना आग्रहाने घेऊन या. मुलं सोबत आली तरी चालतील, बाजूला सतरंजी टाकून ठेवतो.

टिपणं लिहायला एक जण हवा आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.

– निमंत्रक