तिसऱ्या मजल्यावरच्या दादाला, जरा उशिराने थँक्यू

दादा, तू बदली होऊन नागपूरला गेलास, सामान उतरवायच्या गडबडीत धड थँक्यूपण म्हणायचं राहिलं, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय.

आलेलास राउटर बघायला, पण माझ्या लॅपटॉपवर एकोणतीस टॅब उघडे बघून म्हणालास, "हे काय गं, रोज घरोघरी जाऊन विचारतेस का, आज काही नवीन केलंय का म्हणून?" मग म्हणालास आरएसएस लाव, तर आतून आई, "हा शाखेत कधीपासून जायला लागला?" (ही आरएसएस म्हणजे साइटवर नवीन काही आलं की आपल्याला कळवणारी सोय, हे तिला अजून पूर्ण पटलेलं नाहीये.)

मग तू ब्लॉगस्पॉटच्या एका पत्त्यापुढे फीड्स, पोस्ट्स, डीफॉल्ट असं स्लॅश देत देत टाइप केलंस आणि स्क्रीनभर नुसते कंसच कंस, मला वाटलं बिघडवलंस काहीतरी. तोच पत्ता रीडरमध्ये, म्हणजे साइट्सच्या फीड्स (नव्या लेखांच्या याद्या) एका जागी दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, चिकटवला तर सगळी शीर्षकं तारखेसकट ओळीने हजर! वर्डप्रेसला तर नुसतं स्लॅश फीड पुरतं. यूट्यूब चॅनेलचीपण फीड असते हे मला माहीतच नव्हतं, आता नवीन व्हिडिओ तेवढा बघते नि उठते. बरं, बऱ्याचदा उठते.

पण खरं थँक्यू त्या पेनड्राइव्हबद्दल. 1 जुलै 2013 ला गूगल रीडर बंद झालं त्याच्या आधी तू तुझी फीडच्या पत्त्यांची अख्खी यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये काढून ठेवलेलीस, ती मला तशीच्या तशी दिलीस. इम्पोर्ट केली तर निम्मे पत्ते मेलेले, मी भराभर उडवत सुटले, तर तू माझा हात धरून म्हणालास, जे गप्प आहेत ते राहू दे, जागा खात नाहीत.

तर परवा सकाळी चहा घेताना त्या भातशेतीवर लिहिणाऱ्या रत्नागिरीकडच्या काकूंच्या नावापुढे ठळक 1 दिसला. 2019 नंतर पहिल्यांदा! फणसाच्या आठळ्या राखेत कशा ठेवायच्या यावर नऊ ओळी, फोटोसुद्धा नाही. असल्या नऊ ओळींसाठी कुठलं अल्गोरिदम मला हाक मारणार होतं रे. मी दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली राखेत नाही, मातीत ठेवतात, आणि त्यावरून आमचं जेवणापर्यंत चाललं.

लिंक पाठवत नाहीये, तुझ्याच यादीतल्या आहेत त्या, तुलापण आलंच असेल.