आता मी चार दिवस कामाला जातो

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबा "बरं, बघ तुझं तू" म्हणाले आणि फोन आईकडे गेला. आईने लगेच तूरडाळीचा भाव काढला. म्हणून लिहायला बसलो. पत्र वाचताना मध्येच फोन दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

आधी महत्त्वाचं सांगतो. माझी नोकरी गेलेली नाही, कंपनीत कपात नाही, तब्येतही ठणठणीत आहे. गल्लीत कोणी विचारलंच तर एवढंच सांगा की पोरगा आठवड्याला चाळीसच्या जागी बत्तीस तास काम करतो आणि बुधवारी घरी असतो. ते मी स्वतः मागून घेतलंय.

बाबा, तुम्हाला वाटलं असेल की साहेबाच्या हातापाया पडून घेतलं. तसं नाही. तास कमी करून मागण्याचा कायदा इथे नेदरलँड्समध्ये २००० सालापासून आहे. २०१६ मध्ये त्यात कामाच्या वेळा आणि जागा बदलून मागण्याचीही सोय आली. सहा महिने नोकरी झालेली हवी, अर्ज दोन महिने आधी लेखी द्यायचा, आणि धंद्याचं खरंच मोठं नुकसान होत असल्याचं दाखवल्याशिवाय कंपनीला तास कमी करायला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला आवडेल अशी गोष्ट पुढे आहे: ठरलेल्या तारखेच्या महिनाभर आधी उत्तर आलं नाही, तर अर्ज मंजूर धरला जातो. फाइल टेबलावर दाबून ठेवली तर नुकसान दाबणाऱ्याचं. हे आपल्याकडे आलं तर किती कचेऱ्यांची झोप उडेल!

मग इतकी वर्षं का नाही मागितलं? कारण परवाना. बाहेरून आलेल्या माणसाला कामाच्या परवान्यावर राहायचं तर सरकारने ठरवलेल्या रकमेच्या खाली पगार जाऊन चालत नाही, आणि तास कमी केले म्हणून ती रक्कम कमी होत नाही. पाच वर्षं भरली, डच भाषेची परीक्षा झाली, कायमचं कार्ड हातात आलं, तेव्हा अर्ज केला.

आता पैशाचं. पगार पाचव्या हिश्श्याने कमी झाला. हातात येणारी रक्कम तेवढी उतरली नाही, कारण वरच्या कमाईवर कर जास्त बसत होता. पेन्शनमध्ये मात्र त्या मानाने कमी जमा होणार आणि रजाही कमी होणार, ते तुमच्यापासून लपवत नाही. गाडी बदलायची होती ती नाही बदलणार. बदल्यात पाळणाघराचा एक दिवस वाचला, आणि इथलं पाळणाघर म्हणजे दुसऱ्या घराचा हप्ताच. तुमच्या औषधांचे आणि वरच्या खोलीच्या स्लॅबचे पैसे आहेत तसेच येत राहतील. त्याला हात लावायचा नाही हे मी आणि ऋताने सगळ्यात आधी ठरवलं.

ऋता मला हे पत्र लिहिताना बघून हसली. म्हणाली, "सई झाल्यावर मी चार दिवस केले, तेव्हा कराडहून एक तरी प्रश्न आला होता का?" नव्हता आला. पुण्याच्या घरूनही नाही. कमी तास काम करणाऱ्यांत नेदरलँड्स युरोपात सर्वांत पुढे आहे, पण इथेही त्यात बायकाच जास्त. बाईने केलं की संसार, पुरुषाने केलं की काहीतरी बिनसलंय. मी यावर काही बोललो नाही, तुमच्यापर्यंत पोचवतो फक्त.

बाबा, तुमचा खरा प्रश्न मला कळतो. धडधाकट माणूस बुधवारी घरी बसून करतो काय? स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत तुम्ही डबल ड्यूट्या केल्या आणि त्या ओव्हरटाइमवर माझी इंजिनिअरिंगची फी गेली. अशा घरातल्या मुलाने आपण होऊन कामाचा दिवस सोडला, हे तुम्हाला झोंबणारच. पण इथे आला होतात तेव्हाची ती टूरची बस आठवा. आयफेल टॉवरपेक्षा तुम्ही ड्रायव्हरशीच जास्त बोललात, खाणाखुणा करून. साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं थांबायलाच लागतं, आणि नाही थांबलं तर गाडीतलं यंत्र ते नोंदवून ठेवतं, हे कळल्यावर तुम्ही परत येईपर्यंत तेच सांगत होतात. "आमच्या पोरांना हे पाहिजे होतं," असं म्हणाला होतात. थांबणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही आळशी नाही म्हणालात.

आई, तुला वेगळंच सांगायचंय. हल्ली लोक संथ जगण्याच्या नावाखाली चुलीचे आणि पाट्यावरवंट्याचे फोटो टाकतात, आणि खाली लिहितात की आपल्या आयांचं आयुष्य किती शांत होतं. मला ते वाचून चीड येते. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी तू उठायचीस. दोन डबे, मग धुणं, मग दुपारभर लोकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग. संध्याकाळी दिवे गेले तर कंदिलाच्या उजेडात तेच. त्यात शांत काय होतं? माझा बुधवार निवांत आहे तो कपडे मशीन धुतं, भांडी मशीन घासतं आणि चार दिवसांच्या पगारात घर चालतं म्हणून. जुन्या काळाकडे परत वगैरे मी चाललेलो नाही. एक दिवस मी पैसे मोजून विकत घेतलाय, आणि तो परवडतो हे नशीब आहे.

तर बुधवारी करतो काय ते ऐका. सकाळी सईला घेऊन डोमेल नदीच्या काठाने चालत जातो. आपल्या कृष्णेपुढे ही ओढाच. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला तास लागतो, कारण दिसलेला प्रत्येक कुत्रा कुठे राहतो हे तिला विचारायचं असतं. मालक सांगतातही. मला आता त्या रस्त्यावरची निम्मी कुत्री नावाने माहीत आहेत, माणसं अजून नाहीत.

मग घरी येऊन भाकरी. पहिल्यांदा केली तेव्हा थापतानाच चिरफळ्या झाल्या. तुला फोन केला तर तू न बघताच म्हणालीस, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय. इथल्या दुकानातलं ज्वारीचं पीठ पाकिटात कधीचं पडलेलं असतं कोण जाणे. तू सांगितलंस तसं उकळतं पाणी ओतलं, झाकून ठेवलं आणि हात पोळत असतानाच मळायला घेतलं. कडा अजून फाटतात, पण तव्यावर टाकेपर्यंत एकसंध राहते. वरून पाणी फिरवायचं काम सईचं. ती एवढं पाणी ओतते की तवा चुरचुरतो आणि मग दोघांना हसू येतं. परवा एक टम्म फुगली. पुढची नाही फुगली. बाकी दिवशी आम्ही फ्रीजरमधल्या चपात्याच खातो, उगाच माझं कौतुक करू नकोस.

सई चार वर्षांची झाली की शाळेत जाणार. इथे बुधवारी बऱ्याच शाळा दुपारी लवकर सुटतात, म्हणून मुद्दाम हाच दिवस धरला. बाबा, तुमच्या चहाच्या वेळी आमचं जेवण उरकलेलं असतं. यापुढे रविवारच्या घाईऐवजी तेव्हा फोन करत जाईन. प्रीतिसंगमावर फिरायला जायच्या आत आपलं बोलणं होईल.

आणि मेमध्ये तुम्ही दोघं या. या वेळी टूर नाही, सात दिवसांत पाच देश नाहीत. व्हिसावर नव्वद दिवस राहता येतं, तेवढे सगळे राहा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. बाबांना जेवल्यावरही फिरता येईल, आणि आईला वाटेल की अजून संध्याकाळच आहे, स्वयंपाकाची घाई नको. बाबा, पासपोर्टची मुदत बघून ठेवा. परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी शिल्लक हवी. प्रवासाचा विमा मी इथून काढतो.

सईचा तुम्हा दोघांना पापा.

तुमचा,
अमोल

ता. क. आई, भाकरीचं पीठ गिरणीतून ताजं दळून आण, चालतं. दुधाचं काहीही चालत नाही, विमानतळावर काढून घेतात. त्यामुळे साताऱ्याचे कंदी पेढे कितीही मोह झाला तरी नकोत. बाबा पिशवीत गुपचूप घालतील, तेवढं बघ.