अॅलेक्स गिब्स यांचा हिशेब अर्धाच मांडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकन फुटबॉलमधल्या प्रशिक्षकांवर जो लेख आला त्यात डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या ऑफेन्सिव्ह लाइनचे (चेंडू आपल्याकडे असताना पुढे उभे राहून वाट मोकळी करणाऱ्या पाच जणांच्या ओळीचे) प्रशिक्षक अॅलेक्स गिब्स यांना ‘झोन ब्लॉकिंगचे जनक’ म्हटले आहे. पुढच्या आठवड्यात एका वाचकाने पत्र लिहून त्यांना ‘गुडघे फोडायला शिकवणारा माणूस’ ठरवले. दोन्ही वाचून मला राहवले नाही. मी १९९६ पासून डेन्व्हरजवळ ऑरोरा इथे राहते, पंचवीस वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केले आणि माझ्या टेबलावर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे किती गुडघे येऊन गेले याची मोजदाद मी ठेवलेली नाही. गिब्स यांच्या लाइनवर माझे मनापासून प्रेम आहे. म्हणूनच दोन्ही लिखाणांतला अर्धवटपणा मला सोसत नाही.

आधी जनकपणाचे पाहू. झोन ब्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्या माणसाऐवजी आपल्या वाटेत येईल त्याला अडवणे, गिब्स यांच्या आधीपासून होते. ऐंशीच्या दशकात सिनसिनाटी बेंगाल्सची लाइन जिम मॅकनॅली यांच्या हाताखाली हे करत होती. सॅन फ्रान्सिस्कोत बॉब मॅककिट्रिक हलक्या, चपळ लाइनमनांकडून कमरेखालचे ब्लॉक करून घेत होते आणि त्यांच्या नावानेही प्रतिस्पर्धी खडे फोडत होते. माइक शानाहान १९९२ ते १९९४ त्याच सॅन फ्रान्सिस्कोत ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते. १९९५ मध्ये ते डेन्व्हरचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि गिब्स त्यांच्याकडे लाइन सांभाळायला आले. म्हणजे विचार हवेत होता. गिब्स यांनी केले ते वेगळेच: दोन-तीन प्लेज (ठरलेल्या चाली) घेतले आणि ते पाच माणसांच्या पायांत इतके मुरवले की समोरच्याला पुढे काय येणार हे माहीत असूनही काही करता येईना.

मला हे कळले ते एका शेजाऱ्यामुळे. ते कॉलेजात गार्ड म्हणून, म्हणजे याच लाइनमध्ये, खेळलेले होते. मी त्यांना नावाने हाक मारायचे, पण मराठीत लिहिताना काकाच म्हणते. २५ जानेवारी १९९८ ला सॅन डिएगोत झालेली बत्तिसावी सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, मी त्यांच्या तळघरात पाहिली. मला खेळातले ओ की ठो कळत नव्हते. सगळे डेन्व्हरच्या क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) नावाने एल्वे, एल्वे करत होते, म्हणून मीही करत होते. आठवडाभराने काकांनी मला परत बोलावले. सामना त्यांनी व्हीएचएसवर टेप केला होता. चहाच्या कपांखाली ठेवायच्या पाच चकत्या त्यांनी गालिच्यावर ओळीने मांडल्या आणि सांगितले, आता चेंडूकडे अजिबात बघायचे नाही, या पाच जणांच्या पायांकडे बघायचे. मग टेप थांबवत, मागे नेत तासभर दाखवत बसले.

स्नॅप होताच, म्हणजे चेंडू खेळात येताच, पाचही जणांचे उजवे पाऊल एकाच क्षणी उजवीकडे पडत होते. पुढे ढकलायला कोणी जात नव्हते. सगळे तिरके, धावण्याच्या दिशेने. ज्याच्या समोर बचावपटू उभा आहे तो त्याच्या बाहेरच्या खांद्याकडे झेपावणार. ज्याच्या समोर कोणी नाही तो शेजाऱ्याला हातभार लावणार आणि शेजाऱ्याचा माणूस ताब्यात आला की सुटून मागच्या फळीतल्या बचावपटूवर, लाइनबॅकरवर, जाणार. कोणी कधी सुटायचे हे आधी ठरवता येत नाही, ते बचावपटू कुठल्या बाजूला झुकतो यावर ठरते. दोघांच्या खांद्याला खांदा लागलेला असतो आणि तो दाब बोलतो. काका दोन चकत्या एकमेकींना चिकटवून सरकवायचे आणि मग एक अलगद सोडायचे. ते सोडणे मला आजही डोळ्यासमोर दिसते.

त्या दिवशी ब्रॉन्कोजची लाइन सरासरी २९० पौंडांच्याही आत होती, लीगमधली सर्वांत हलकी. समोर ग्रीन बेचे गिल्बर्ट ब्राउन, साडेतीनशे पौंडांच्या घरातले. लीगच्या दोन गटांपैकी डेन्व्हरच्या गटाचे, एएफसीचे, संघ त्याआधी सलग १३ सुपर बोल हरले होते. डेन्व्हरचे रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) टेरेल डेव्हिस यांना दुसऱ्या क्वार्टरमध्ये मायग्रेनने दिसेनासे झाले, ते बसून राहिले आणि तरीही १५७ यार्ड, तीन टचडाउन करून सामनावीर ठरले. सामना डेन्व्हरने ३१-२४ असा जिंकला. डेव्हिस १९९५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सहाव्या फेरीत १९६ वे निवडले गेलेले. पुढच्या हंगामात ते २,००८ यार्ड धावले.

कोणी म्हणेल, ही डेव्हिस यांची करामत. मग पुढचे पाहा. १९९९ मध्ये चौथ्या फेरीतले ओलांडिस गॅरी १,१५९ यार्ड, २००० मध्ये सहाव्या फेरीतले माइक अँडरसन १,४८७. २००२ आणि २००३ मध्ये क्लिंटन पोर्टिस दोन्ही वर्षे पंधराशेच्या वर. २००४ मध्ये गिब्स अटलांटाला गेले आणि त्याच वर्षी अटलांटा धावण्यात लीगमध्ये पहिली आली. माणसे बदलली, शहर बदलले. पावले तीच राहिली. रनिंग बॅकला त्यांचा नियम एकच: नाचायचे नाही, फट दिसली की एकदाच वळायचे आणि सुसाट सुटायचे.

आता त्या फटीविषयी. माझ्या मते सगळा वाद इथे आहे, आणि आपल्या लेखाने नेमकी हीच जागा वगळली आहे.

लाइन उजवीकडे धावते तेव्हा डावीकडचे बचावपटूही उजवीकडे पळत सुटतात. २८५ पौंडांचा टॅकल, म्हणजे ओळीच्या टोकाचा लाइनमन, मागून त्यांना धरून ठेवू शकत नाही. म्हणून तो त्यांच्या पायांसमोर झेप घेऊन अंग टाकतो आणि त्यांना जमिनीवर आणतो. हाच कट ब्लॉक. ते पडले की मागे वाट मोकळी होते आणि रनिंग बॅक त्या वाटेने उलटा वळतो. डेव्हिस, गॅरी, अँडरसन यांच्या कित्येक लांब धावा या वाटेने गेलेल्या आहेत. त्यामुळे ‘कट ब्लॉक ही किरकोळ बाब होती, नियमात बसत होती, विषय संपला’ असे जे गिब्स यांचे चाहते म्हणतात ते मला पटत नाही. ती बाब किरकोळ नव्हती. त्या दाराची ती बिजागरीच होती.

नियमात बसत होती, हे खरे. शिकवताना लक्ष्य मांडीचे असते, हेही खरे. पण पळत्या माणसाच्या मांडीत आणि गुडघ्यात अंतर एका वितीचे. कबड्डीत चढाईपटूचा घोटा धरतात तेव्हा तो निदान पकडणाऱ्यांकडे तोंड करून असतो. इथे पळणाऱ्याची नजर चेंडूवर असते.

एक मुलगा आठवतो. सोळा वर्षांचा, हायस्कूलच्या संघात डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या ओळीतला. शाळा कुठली ते सांगत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी सूज उतरवण्यासाठी त्याला माझ्याकडे पाठवले होते. गुडघा तपासताना मी पाय थोडा वाकवते, एक हात गुडघ्याच्या बाहेरून लावते, दुसऱ्याने घोटा धरते आणि हलकेच आतल्या बाजूला दाब देते. चांगल्या गुडघ्यात हाताला लगेच अडसर जाणवतो, ताणलेल्या दोरीसारखा. या मुलाच्या गुडघ्यात अडसर आलाच नाही. आतल्या बाजूची फट माझ्या बोटांखाली उघडत गेली. त्याने टेबलावरचा कागद मुठीत धरून फाडला, पण तोंडातून आवाज काढला नाही. आईने विचारले, त्या दुसऱ्या मुलाने नियम मोडला का? पंचांनी झेंडा टाकला नव्हता. लाइनजवळ स्नॅपबरोबर लगेच केलेला कमरेखालचा ब्लॉक तिथे चालत होता. मी सांगितले, नाही, नियम मोडला नाही. तिला ते ऐकून बरे वाटले नाही आणि मलाही सांगताना बरे वाटले नाही. नंतर त्यांनी फोनवरचे चित्रीकरण दाखवले. डावीकडून मागून आलेला मुलगा, पायांसमोर टाकलेले अंग. काकांच्या तळघरात टेप मागे नेऊन नेऊन मी ज्याला टाळ्या वाजवल्या होत्या तेच होते ते, फक्त अंगावरचे कपडे वेगळे.

त्या संध्याकाळपासून हा प्रश्न माझा झाला. पत्रलेखक वाचकांना मी सांगू इच्छिते की त्यांचा राग मला परका नाही.

पण राग आला म्हणून बाकीचे खोटे ठरत नाही. दोघांनी मिळून केलेला चॉप ब्लॉक, म्हणजे एकाने छातीवर धरून ठेवायचे आणि दुसऱ्याने खालून पाय काढायचे, लीगने २०१६ मध्ये पूर्ण बंद केला. २०२१ मध्ये टॅकलपासून दूर मोकळ्या मैदानातले कमरेखालचे ब्लॉकही बंद झाले. लाइनच्या आतल्या गर्दीत एकट्याने केलेला कट आजही चालतो, पण पूर्वीइतका दिसत नाही. गिब्स यांची पद्धत केवळ पाय काढण्यावर उभी असती तर तीही या नियमांबरोबर आटली असती. झाले उलटेच. २००८ आणि २००९ मध्ये ह्यूस्टनला गिब्स लाइन शिकवत होते तेव्हा त्याच इमारतीत माइक यांचे चिरंजीव काइल शानाहान ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते आणि मॅट लाफ्लर नवशिके सहायक. १९ जानेवारी २०२० ला हेच दोघे मुख्य प्रशिक्षक म्हणून दुसऱ्या गटाच्या, एनएफसीच्या, अंतिम सामन्यात समोरासमोर आले, चॉप ब्लॉक बंद होऊन चौथा हंगाम चालू असताना. शानाहान यांच्या सॅन फ्रान्सिस्कोने अख्ख्या सामन्यात फक्त आठ पास टाकले. राहीम मोस्टर्ट, ज्यांना ड्राफ्टमध्ये कोणीही घेतले नव्हते, २२० यार्ड धावले, चार टचडाउन केले. मी तो सामना एकटीने पाहिला, काका तोवर गेले होते. पाचही पावले एकदम पडताना पाहून मला रडू आले.

मग बिजागरी नसताना दार उघडते कसे? मी सामने पाहून जे समजले ते लिहिते. मागच्या बाजूच्या बचावपटूला आता पाडण्याऐवजी अडवतात: टाइट एंड किंवा फुलबॅक (पाच जणांखेरीज अडवायला मदत करणारे खेळाडू) सगळ्यांच्या उलट दिशेने येऊन त्याला गाठतो, किंवा क्वार्टरबॅक चेंडू हातात असल्याची हूल देऊन त्याच बाजूला पळतो आणि बचावपटू क्षणभर थबकतो. तो क्षण पुरतो. हे सगळे डेन्व्हरलाही माहीत होते, एल्वे तशी हूल उत्तम देत. म्हणजे गुडघ्यांशी न खेळताही वाट काढता येत होती. मला गिब्स यांच्याविषयी खंत वाटते ती हीच. पाऊल शिकवण्यात त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता, आणि अशा माणसाने दुसरी वाट आधी शोधायला हवी होती. नियम बदलेपर्यंत थांबायला नको होते.

गुडघ्यांची किंमत त्यांच्याच घरातही मोजली गेली. त्यांचे लेफ्ट गार्ड मार्क श्लेरेथ यांच्या अंगावर एकूण २९ शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक गुडघ्यांवर. ऑक्टोबर १९९९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला, त्याला पकडायला डेव्हिस धावले आणि त्यांच्याच संघातले लाइनमन मॅट लेप्सिस त्यांच्या गुडघ्यावर आदळले. दोन लिगामेंट फाटली. कोणाची चूक नव्हती. पण लीगमधला सर्वोत्तम धावपटू तिथे संपल्यासारखाच झाला.

गिब्स २०२१ च्या जुलैमध्ये वयाच्या ८० व्या वर्षी गेले. पुढच्या वर्षी कॅन्टनच्या हॉल ऑफ फेमने (या खेळाच्या सन्मान-दालनाने) सहायक प्रशिक्षकांसाठी सुरू केलेल्या सन्मानात पहिल्याच यादीत त्यांचे नाव घेतले. अर्धपुतळा मात्र नाही. प्रशिक्षकांमध्ये तो मान मुख्य प्रशिक्षकांना मिळतो. माझे मत स्पष्ट आहे: त्यांचा पुतळा व्हावा. आणि खालच्या मजकुरात झोनच्या पावलाशेजारी कट ब्लॉकही लिहावा, स्वच्छ शब्दांत, म्हणजे दहा वर्षांचे पोर तिथे वाचताना आईला विचारेल की हे काय असते.

शेवटी एक विनंती. आपल्या लेखात जॉन एल्वे यांचे मोठे छायाचित्र आहे, डेव्हिस यांचेही आहे. लाइनमधल्या एकाचेही नाव नाही. गिब्स यांच्या खोलीत वार्ताहरांशी बोलायचे नाही असा दंडक होता, त्यामुळे तेव्हाही ही माणसे वर्तमानपत्रांत फारशी आली नाहीत. पुढच्या अंकात त्या सामन्यातले पाच जण डावीकडून उजवीकडे छापावेत: गॅरी झिमरमन, मार्क श्लेरेथ, टॉम नेलन, ब्रायन हबीब, टोनी जोन्स.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट
ऑरोरा, कोलोरॅडो