कट नव्हे, कॉपी

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही खुशीत सांगितलंत, "सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकले, कॉम्प्युटरवरून उडवले. काळजी मिटली." तेव्हा काही बोलले नाही, पण माझी काळजी तिथूनच सुरू झाली. फोटो या खोलीतून त्या खोलीत गेले, एवढंच. प्रत एकच राहिली. ती डिस्क टेबलावरून पडली की संपलं. म्हणून नवीन काही घ्यायच्या आधी फोटो परत कॉम्प्युटरवर घ्या. कट नव्हे, कॉपी! मात्र आतल्या जुन्या डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर थांबा, नवी बसेपर्यंत तिच्यावर काही टाकू नका.

आता खरेदी. कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागतो तो आतल्या त्या जुन्या फिरत्या डिस्कमुळेच. विंडोजसाठी ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क, पुरे. केबलने जोडायची अडीच इंची 'साटा' प्रकारचीच घ्या; थेट बोर्डात खोचायच्या 'एम.२' पट्टीची जागा आपल्या जुन्या मदरबोर्डवर (आतल्या मुख्य बोर्डवर) असेलच असं नाही.

फोटोंना साडेतीन इंची, २ टीबीची फिरती डिस्क. विंडोज ती १.८ टीबीच दाखवेल, तेव्हा फसवलं म्हणून भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. बघायचं ते वेगळंच: माहितीपत्रकात 'सीएमआर' लिहिलेलं हवं. त्यात ट्रॅक, म्हणजे माहिती लिहायच्या गोल रेघा, एकमेकांवर चढत नाहीत. 'एसएमआर' डिस्कमध्ये ते कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, आणि सलग बरंच काही लिहायला घेतलं की ती रखडते.

कोणी म्हणेल, दोन डिस्क आरशासारख्या जोडा, म्हणजे दोन्हींवर आपोआप तेच राहील; 'रेड' (RAID) करा. ऐकू नका. एक डिस्क बिघडली तर रेड उपयोगी पडतं, पण चुकून फोल्डर उडवलंत तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. (बाबा, 'चुकून' हा शब्द मी जपून वापरलाय.)

बॅकअपला तुमची ती बाहेरची डिस्कच चालेल. दर रविवारी जोडा, विंडोजमधल्या 'फाइल हिस्टरी' या बॅकअपच्या सोयीचं काम होऊ द्या, मग 'इजेक्ट' करून काढा आणि कपाटात ठेवा. जोडून ठेवायची नाही! रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं तर जोडलेल्या डिस्कनाही कुलूप लावतं. तिसरी प्रत माझ्याकडे राहील. तिची डिस्क मी येताना घेऊन येईन.

आई, एक काम तुझं. बॅकअप झाला असं कॉम्प्युटर म्हणतो, त्यावर विसंबू नकोस. महिन्यातून एकदा कपाटातल्या डिस्कवरून एखादी फाइल उघडून बघ. पहिल्यांदा आजीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लाव, आणि पूर्ण ऐकून झालं की मला फोन कर.

तुमची,
धाकटी